शिवणाची टेप आणि साडेअठरा लाखांची गाडी

आमच्या जुन्या हॅचबॅकमधून सासूबाईंना उतरवणं हा शेवटी शेवटी चार माणसांचा कार्यक्रम झाला होता. मी दार धरून उभी, लेक काठी घेऊन उभी, मुलगा आतून पाठीला हात देतोय आणि नवरा समोरून दोन्ही हात धरून ओढतोय. एका मंगल कार्यालयाच्या दारात, ऐन मुहूर्ताला, मागे गाड्यांची रांग लागून हॉर्न वाजत असताना हे सगळं झालं. सासूबाई कशाबशा उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "पुढच्या लग्नाला मला आणू नका. आहेर पाठवा."

२०२५ च्या फेब्रुवारीत त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. फिजिओथेरपीला येणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं की बूड गुडघ्याच्या खाली जाईल अशा कशावर बसायचं नाही. घरातला सोफा बाद झाला, झोपाळा बाद झाला आणि गाडीही बाद झाली. त्या महिन्यात दवाखान्याच्या फेऱ्यांना रिक्षा केली. रिक्षाची सीट उंच असते, धरायला दांडा असतो. अकरा वर्षांची आपली गाडी खाली पार्किंगमध्ये उभी आणि आपण रिक्षा शोधत फिरतोय, हे नवऱ्याला लागलं. "आता एसयूव्ही घेऊन टाकू," तो म्हणाला. त्याला ती दहा वर्षांपासून घ्यायचीच होती, आता कारण मिळालं.

त्याच्या डोक्यात एसयूव्ही म्हणजे पिंपरीची हॅरियर नाहीतर चाकणची एक्सयूव्ही ७००. आपल्या गावात बनणाऱ्या गाड्या म्हणून त्याला वेगळाच अभिमान. मी आधी खाली जाऊन पार्किंग मोजलं. आमची सोसायटी जुनी, खांबांवर उभी. आमच्या वाट्याला आलेल्या दोन खांबांमधलं अंतर ८ फूट २ इंच, म्हणजे अडीच मीटरला थोडं कमी. एक्सयूव्ही ७०० ची रुंदी १,८९० मिलिमीटर, आरसे सोडून. हॅरियर त्याहून रुंद. एका बाजूला जेमतेम फूटभर जागा राहिली असती, आणि फूटभरात दार उघडून बाहेर यायला माणूस कागदाचा हवा. लांबी साडेचार मीटरच्या वर गेली की मागचा बंपर शेजाऱ्यांच्या स्कूटरला भिडणार. हे सगळं खडूने फरशीवर आखून दाखवलं तेव्हा नवरा गप्प झाला. अशी आमची यादी सव्वाचार ते साडेचार मीटरच्या गाड्यांवर आली. क्रेटा, सेल्टॉस, एलिव्हेट, ग्रँड विटारा आणि तिची जुळी हायरायडर, टायगुन आणि तिची जुळी कुशाक. रुंदी सगळ्यांची १,८०० च्या आत-बाहेर.

शोरूमला जाताना मी सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातली पिवळी टेप पर्समध्ये टाकली. घरी आधी त्यांच्या सोयीचं माप काढलं होतं. पलंगाची कड जमिनीपासून २१ इंच, तिथून त्या काठीशिवाय उठायच्या. खाली दोन उशा घातलेली खुर्ची २५ इंच, तिथून तर सहज. जुन्या गाडीची मागची सीट भरली २० इंच. दुखणं काय आहे ते त्या एका आकड्यात कळलं. अगदी उंच गाडी पण चालणार नव्हती. मेव्हण्याची स्कॉर्पिओ एन आहे, चेसिसवर बांधलेली. तिच्यात बसायचं म्हणजे चढायचं, आणि चढताना भार त्याच गुडघ्यावर.

दुसरं माप मला आधी सुचलंच नव्हतं, ते सासूबाईंनी दाखवलं. पहिल्याच शोरूममध्ये त्या सीटवर टेकल्या, वळल्या आणि पाय आत घेताना अडल्या. "याला उंबरा फार मोठा आहे गं," म्हणाल्या. दार उघडल्यावर खाली जो पत्र्याचा कठडा असतो तो. सीटच्या कडेपासून त्या उंबऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत अंतर जास्त असेल, तर टेकल्यावर पाय जमिनीला पुरत नाहीत, आणि आत घेताना पाय जास्त उचलावा लागतो. माहितीपत्रकात ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची जागा, छापलेला असतो, एलिव्हेटचा २२० मिलिमीटर, क्रेटाचा १९० वगैरे. सीटची उंची आणि उंबऱ्याची रुंदी कुठेच नसते. मी सगळीकडे मोजून वहीत लिहीत गेले. एका शोरूममधला सेल्सचा मुलगा बराच वेळ बघत राहिला आणि शेवटी न राहवून म्हणाला, "मॅडम, सीट कव्हर आम्ही देतो ना."

हा मुलगा निदान माझ्याशी बोलत तरी होता. बाकी ठिकाणी अनुभव असा की गाडी मी चालवणार, हप्ता माझ्या पगारातून जाणार, आणि मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नवऱ्याकडे बघून मिळणार. मी टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, विचारला की "सर, पॉवर भरपूर आहे", आणि माझ्याकडे वळून, "मॅडम, व्हॅनिटी मिरर पण आहे." नवऱ्याला टॉर्क म्हणजे काय ते आजही नीट माहीत नाही.

टेस्ट ड्राइव्हचा मार्ग सगळ्यांचा ठरलेला. शोरूममधून बाहेर, गुळगुळीत रस्ता, पुढच्या सिग्नलला यू टर्न, परत. या तीन किलोमीटरमध्ये कोणतीही गाडी चांगलीच वाटते. दोन ठिकाणी मी हट्ट धरला की पाच जण बसणार आणि जुन्या कात्रज घाटातून जाणार. एके ठिकाणी चक्क नाही म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी तोच सीट कव्हरवाला मुलगा होता, तो साहेबांना विचारून आला आणि पुढे बसला. मग जागा कमी पडली म्हणून लेक शोरूमच्या एसीत कॉफी पीत बसली आणि बाकी सगळे निघालो.

त्या घाटात खूप काही कळलं. ऑटोमॅटिक हा एक शब्द असला तरी आत तीन वेगळ्या तऱ्हा आहेत. सीव्हीटीत गिअरचे टप्पे नसतात. चढावर पाय दाबला की आधी इंजिन ओरडतं आणि गाडी मागून येते, पण ट्रॅफिकमध्ये लोण्यासारखी जाते. क्रेटाच्या साध्या दीड लिटर पेट्रोलला आणि एलिव्हेटला या जातीचा गिअरबॉक्स आहे. टर्बो इंजिनांना बहुतेक ड्युअल क्लच देतात, झपकन गिअर बदलतो, ओव्हरटेक करताना मजा येते. पण बंपरला बंपर लागलेल्या रांगेत मुंगीच्या पावलाने सरकायचं असेल तर त्याच्या क्लचला घाम फुटतो. तिसरा टॉर्क कन्व्हर्टर, जुना, शांत, ग्रँड विटाराच्या साध्या पेट्रोलला आणि टायगुनच्या एक लिटर टर्बोला मिळतो. मी अर्ध्या वाटेत गाडी थांबवली, नवऱ्याला चालवायला दिली आणि मागे जाऊन बसले. आमच्यात हे आधी कोणी केलंच नव्हतं! पुढे बसून सगळ्या गाड्या सारख्याच गुळगुळीत होत्या. मागे बसल्यावर एकीचं सस्पेन्शन खड्ड्यागणिक कंबरेत कळत होतं, आणि मध्ये बसलेला मुलगा पायाखालच्या उंचवट्यामुळे गुडघे कानाशी घेऊन बसला होता. सासूबाई डोळे मिटून होत्या. घाट संपल्यावर मी विचारलं, "आई, कशी वाटली?" म्हणाल्या, "ही हलवते. सकाळची बरी होती."

हायब्रिडचा, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेल्या गाडीचा, मोह मला होता. ग्रँड विटारा आणि हायरायडरमध्ये जो स्ट्राँग हायब्रिड मिळतो त्याचा कागदावरचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर. तो सोडा, प्रत्यक्ष चालवणारे ओळखीतले दोघं २१-२२ सांगतात, तेही थोडं नाही. आमचं वर्षाचं चालणं १२ हजार किलोमीटर. साध्या पेट्रोलला १३ धरले तर ९२० लिटर, हायब्रिडला २१ धरले तर ५७० लिटर. पुण्यात तेव्हा पेट्रोल १०४ रुपये, म्हणजे वर्षाला ३६ हजार वाचले. आम्ही बघत होतो त्या दोन मॉडेलांमधला फरक अडीच लाखांच्या घरात होता. सात वर्षांनी बरोबरी! तरीही मी घेतली असती, शांत चालते म्हणून. पण बॅटरी मागे बसवल्यामुळे डिकी ३७३ लिटरवरून २६५ वर येते. आमचं गाव चिपळूणजवळ. गावाहून येताना आमच्या डिकीत काय काय असतं हे ज्याला कोकणात घर आहे त्याला सांगायला नको, आणि यंदा त्यात घडीचा वॉकर वाढला होता. तो घेऊन गेलो होतो, घालून पाहिला. वॉकर बसला आणि डिकी संपली.

डिझेलवर नवऱ्याने दोन रात्री घालवल्या. क्रेटा-सेल्टॉसला मिळतं, बाकीच्यांना नाही. पण आमच्या रोजच्या फेऱ्या सहा-सहा किलोमीटरच्या. बीएस ६ डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो अधूनमधून तापून स्वतःला साफ करतो, आणि त्यासाठी गाडी बराच वेळ सलग पळावी लागते. मुलांना क्लासला सोडून भाजी घेऊन परत येणाऱ्या गाडीला ते जमणार नाही. शिवाय महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १२ टक्के, डिझेलला १४. दोन रात्रींनंतर तोच म्हणाला, पेट्रोल.

सुरक्षिततेचं मात्र मी कोणालाही बोलू दिलं नाही. कुशाक आणि टायगुनला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले होते. २०२३ च्या ऑक्टोबरपासून आपल्याकडे भारत एनकॅपही आलं. पण यादीतल्या सगळ्याच गाड्यांची चाचणी तेव्हा झालेली नव्हती, म्हणून मी निदान सहा एअरबॅग, मागे मधल्या माणसालाही तीन टोकांचा बेल्ट आणि ईएसपी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) एवढं नसेल ती गाडी बघायचीच नाही असं ठरवलं.

कोणती घेतली ते सांगत नाही. गाडीचं नाव घेतलं की आपल्याकडे पुढचं कोणी ऐकत नाही, "अरे ती कशाला घेतली" सुरू होतं. दीड लिटरचं पेट्रोल आहे, ऑटोमॅटिक आहे, सीट २५ इंचांवर आहे आणि उंबरा सगळ्यांत अरुंद. सीट कव्हरवाल्या मुलाकडूनच घेतली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात २१ हजार भरून बुकिंग केलं. कोटेशन हातात आलं त्यावर मी पेन घेऊन बसले. एक्स-शोरूम १६ लाख ४० हजार, त्यावर रोड टॅक्स, त्यावर एक टक्का टीसीएस. हा टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून आगाऊ घेतलेला आयकर, १० लाखांच्या वरच्या गाडीला लागतो आणि आयकराचं विवरणपत्र भरताना आपल्या खात्यावर जमा दिसतो, म्हणून त्याचं दुःख नाही. दुःख खालच्या ओळींचं. हँडलिंग चार्जेस ८,५००, एसेन्शियल किट, टेफ्लॉन, अंडरबॉडी कोटिंग, आणि इन्शुरन्स ७१ हजार. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीला तो तेव्हा १०,६४० रुपयांना ठरलेला होता, सगळ्या कंपन्यांना सारखा. बाकीचे साठ हजार कशाचे? बाहेरून तेच कव्हर, झिरो डेपसकट (म्हणजे भरपाईतून सुट्या भागांची झीज न कापणारं), ५२ हजारांना मिळत होतं. तो कागद समोर ठेवल्यावर शोरूममधलाच विमा ५४ वर आला. कॅशलेसची सोय सोपी पडेल म्हणून दोन हजार जास्त देऊन तिथलाच घेतला. हँडलिंग चार्जेस कशाचे, हे लेखी द्या म्हटलं. लेखी कोणी दिलं नाही, ओळच गेली. रबरी मॅट मात्र घेतल्या.

"गणपतीत डिलिव्हरी घ्या मॅडम, २५ हजारांची ऑफर आहे," असं चाललं होतं. गणपती २७ ऑगस्टला. आणि १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधान म्हणाले की दिवाळीपर्यंत जीएसटी कमी करणार. झालं! त्या संध्याकाळी आमच्या घरात अर्थसंकल्पावर होत नाही एवढी चर्चा झाली. कोणाला किती टक्के, काहीच माहीत नाही. सेल्सचा मुलगा म्हणे, "मोठ्या गाडीला काही मिळणार नाही मॅडम, उलट वाढेल." नवरा म्हणे, उगाच अडकू. मी म्हटलं, दीड महिना रिक्षाने गेलो तर काय बिघडणार आहे?

३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय आला. चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्या २९ टक्क्यांवरून १८ वर, त्यांची चैन झाली. आमच्या जातीच्या, चार मीटरच्या वरच्या पण १,५०० सीसीच्या आतल्या गाड्यांना आधी २८ टक्के जीएसटी आणि १७ टक्के उपकर, मिळून ४५ होते, ते सरळ ४०. पाच टक्के म्हणजे ८२ हजार वाचले, असं नवऱ्याने जाहीर केलं. तसं नसतं. मूळ किंमत १०० धरली तर करासकट १४५ चे १४० होतात, म्हणजे किंमत साडेतीन टक्क्यांनी उतरते. १६ लाख ४० चे १५ लाख ८३ झाले. ५७ हजार. किंमत उतरली म्हणून रोड टॅक्सही पावणेसात हजारांनी उतरला. गणपतीच्या ऑफरपेक्षा दुपटीहून जास्त.

नवे दर २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमके घटस्थापनेपासून. त्याआधीचे पंधरा दिवस पितृपक्ष. एरवीही त्या पंधरवड्यात आपल्याकडे कोणी गाडी उचलत नाही. सासूबाई खूश. "पितरांनी मधे पडून पैसे वाचवले," असं त्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं. मी एकदा काही कागद द्यायला गेले तेव्हा शोरूम रिकामं होतं. तो मुलगा कोपऱ्यातल्या टेबलावर एकटा डबा खात होता. त्याला गाडीमागे पैसे मिळतात, तीन आठवडे एकही गाडी गेलेली नव्हती. मला जरा कानकोंडं झालं. म्हटलं, "दसऱ्याला घेतोय, नक्की." तो म्हणाला, "दसऱ्याला सगळेच घेणारेत मॅडम. त्या दिवशी मला जेवायला मिळणार नाही."

नोंदणी होण्याआधी गाडी बघून घ्यायची हे माझ्या गॅरेजवाल्या काकांनी डोक्यात पक्कं बसवलं होतं. एकदा तुमच्या नावावर आरटीओत चढली की ती तुमची, ओरखड्यासकट. शहराबाहेरच्या यार्डात उन्हात गाड्या उभ्या. काका, मी आणि मोबाइलचा टॉर्च. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २८२५ म्हणजे २०२५ चा अठ्ठाविसावा आठवडा, जुलै. चारी टायरवर २८-२९, स्टेपनीवर २५. काचांवरच्या खुणा जुळल्या, चेसिस नंबर जुळला, मीटरवर ३१ किलोमीटर. काकांनी पत्र्यावरून तिरका टॉर्च फिरवला तेव्हा मागच्या डाव्या दारावर हातभर लांब, केसासारखा ओरखडा दिसला. "पॉलिशने जाईल," यार्डवाले म्हणाले. काकांनी नखाने खरवडून बघितलं. नख अडकलं की ओरखडा रंगाच्या आत गेलेला असतो, तो पॉलिशने जात नाही. दुसरी गाडी काढायला लावली. तिच्यासाठी तीन दिवस थांबावं लागलं आणि नवऱ्याचा जीव खालीवर झाला, पण दसरा गाठला.

२ ऑक्टोबरला शोरूममध्ये एकाच वेळी अकरा गाड्यांवरचे पडदे उघडत होते. प्रत्येकीला तेच गाणं. आम्हाला पुठ्ठ्याची हातभर किल्ली धरून फोटो काढायला लावला. सासूबाईंनी मात्र त्यांचं त्यांनी केलं. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आपट्याची पानं, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं. मग मागचं दार उघडलं, वळल्या, टेकल्या, एक पाय आत, दुसरा पाय आत. कोणाचा हात नाही. आम्ही चौघं सवयीने हात पुढे करून तसेच उभे. सगळं मिळून साडेअठरा लाख गेले होते. कर्जाचं सांगण्यासारखं काही नाही, ते सगळ्यांचं सारखंच असतं.

आता सहा महिने आणि ७,८०० किलोमीटर झाले. शहरात लिटरला १० ते साडेदहा, चिपळूणच्या वाटेवर १६. जुनी गाडी यापेक्षा बरीच कमी प्यायची, हे नवरा दर टाकी भरताना आठवण करून देतो. फास्टॅगचा वार्षिक पास काढला, तेव्हा तो ३ हजारांचा होता, त्यात २०० फेऱ्या. चिपळूणच्या वाटेवर उंब्रजपर्यंत जाताना खेड शिवापूर आणि आनेवाडीचे टोलनाके त्यातच होतात. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला तो चालत नाही. तिथे ३२० रुपये गेले तेव्हा मी उगाचच चिडले, माहीत असूनही.

आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा वगैरे आहे. कर्वे रस्त्यावर एक रिक्षा मध्ये घुसली आणि गाडीने माझ्याआधी ब्रेक मारला. सासूबाईंच्या हातात सत्यनारायणाच्या प्रसादाची वाटी होती. शिरा पुढच्या सीटच्या पाठीवर. तरी तो ब्रेक मी चालू ठेवलाय, मी कधी दमलेली असेन सांगता येत नाही. लेन धरून ठेवणारा प्रकार मात्र बंद. सातारा रस्त्यावर काम चाललेल्या पट्ट्यात जुने पांढरे पट्टे एकीकडे, नवे दुसरीकडे, आणि स्टिअरिंग आपल्या हातातून हळूच ओढल्यासारखं होतं. पहिल्यांदा मला वाटलं चाकच गेलं. मुलांच्या हट्टाचं सनरूफ आजवर चार वेळा उघडलं. मार्चच्या उन्हात त्याच्या काचेखाली बसून बघा, मग कळेल ते का.

दिवाळीत गावाहून परतताना कुंभार्ली घाट चढून वर आलो, हेळवाकच्या पुढे अंधारात धाडकन आवाज झाला. डाव्या मागच्या टायरची बाजू कडेच्या दगडाने फाडली होती. स्टेपनी डिकीच्या तळाशी, आणि तळावर अर्धं पोतं लाल तांदूळ, साठ नारळ, कोकमाच्या बाटल्या, पोह्यांची पिशवी, वॉकर. सगळं रस्त्याच्या कडेला मांडलं. जाणारे गाडी हळू करून बघत होते, एकाने नारळाचा भाव विचारला. जॅक कुठे लावायचा ते मोबाइलच्या उजेडात पुस्तकात शोधत असताना दुधाच्या टेम्पोवाला एक माणूस थांबला आणि त्याने वीस मिनिटांत चाक बदलून दिलं. पैसे घेतले नाहीत, नारळ घेतले, दोन. स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा लहान, वर ८० च्या पुढे जाऊ नका असा पिवळा स्टिकर. पाटणचा पंक्चरवाला म्हणाला, "ताई, साइडवॉलचं पंक्चर निघत नाही." १७ इंची नवा टायर साडेदहा हजारांना पडला. सतरा इंची चाकं दिसायला रुबाबदार म्हणून आम्ही वरचं मॉडेल घेतलं होतं.

आणि आवाज. तिसऱ्या महिन्यात मागून टकटक यायला लागली. सर्व्हिस सेंटरला दोनदा दाखवलं, त्यांना ऐकूच येईना. तिसऱ्यांदा म्हणाले दाराचं पॅनल उघडावं लागेल, गाडी दोन दिवस ठेवा. मी सरळ काकांकडे नेली. काकांनी मला चालवायला लावलं, स्वतः मागे झोपून कान लावला आणि मधल्या सीटच्या बेल्टचं बक्कल प्लास्टिकवर आपटतंय ते दोन मिनिटांत शोधलं. नमद्याचा तुकडा चिकटवला. चाळीस रुपये. त्या मधल्या सीटवर नारळाची पिशवी ठेवली की गाडी बेल्ट लावा म्हणून ओरडते, म्हणून हल्ली नारळही बेल्ट लावून येतात.

वॉकर जानेवारीत माळ्यावर गेला. गुडघा फारच छान बरा झाला. शिमग्याला आम्हाला रजा मिळेना, म्हणून सासूबाई भजनी मंडळातल्या दोघींबरोबर एसटीने चिपळूणला गेल्या. पंचाहत्तरी उलटल्यामुळे त्यांना एसटी फुकट आहे, तिघींनाही. मी स्वारगेटला सोडायला गेले. पायरी उंच होती, मी हात पुढे केला तोवर त्या वर चढून खिडकीत बसल्या होत्या.

परत आल्यावर विचारलं, "आई, गुडघ्याला त्रास नाही ना झाला? एसटीची पायरी केवढी उंच!"

"अगं, तिला दोन्ही बाजूंना दांडे असतात धरायला," त्या म्हणाल्या. "तुमच्या गाडीला आहे का कुठे दांडा? एक आहे तो छताला. तिथपर्यंत माझा हात पोचत नाही."

मी टेप घेऊन खाली गेले. खरंच पोचणार नव्हता. साडेचार इंच कमी पडत होते.